आटे

चौतीस वर्षं लेथवर उभा राहिलो उद्यमनगरात.
सुताचा फरक हाताला कळायचा,
आणि इथं ओट्यापाशी
मूठभर म्हणजे किती, हे विचारायला माणूस नाही.
म्हणजे आहे.
आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून आहे.

शालन दवाखान्यातून आली
ती जिभेची चव तिथंच कॉटवर ठेवून आली.
भाकरी म्हणजे कागद, आमटी म्हणजे ऊन पाणी.
तांबडा रस्सा पुढं केला तर म्हणाली, "लाल हाय."
पांढऱ्याला तेवढंही नाही.

मग मला तिचं ते आठवलं.
त्याला नाव नव्हतं, ती नुसतं "आवळ्याचं" म्हणायची.
दर पौषात बरणीभर,
पोरं सर्दी नसतानाही खोकून दाखवायची.
लिहून ठेवलेलं कुठं काही नाही.

कपिलतीर्थातनं दोन किलो आवळे, एक डाळिंब.
तासगावचे बेदाणे, देठ खुडत बसलो
(टीव्हीवर कुस्ती लागली, अर्धे देठ तसेच गेले).
गुळवेल सुतारमास्तरांच्या कडुनिंबावरची:
शिडी माझी, शिव्या त्यांच्या.
सुंठ, पिंपळी, ज्येष्ठमध बाबालाल अत्तारांकडं.
पुडी बांधता बांधता त्यांनी विचारलं, "वहिनींना?"
आणि दालचिनीचं एक नळकांडं
हिशेबाबाहेर आत टाकलं.
गूळ वडणग्याच्या गुऱ्हाळातला, अजून कोमट,
पिवळा नाही, तांबूस.
पिवळ्याला भुलू नये, हे तिचंच वाक्य.

गुळवेल ठेचली तेव्हा सगळं घर कडू झालं.
चार तांबे पाणी आटवून एक केलं.
आवळे वाफवले. बोटानं दाबलं की फाका आपोआप सुटतात:
सहा.
दुसऱ्याच्याही सहा. वीस आवळे मोजले.
कुठल्या डायवर काढत असतील, कोण जाणे.

सगळं गार करून
लोणच्याच्या जाड काचेच्या बरणीत भरलं.
पत्र्याचं झाकण, आटे शाबूत.
आवळ्यांवर झाकण आवळलं,
आणि शेवटी सवयीनं
पाव फेरा जास्त.

सहाव्या रात्री अडीच वाजता
गूळ आणि बेदाणे एकत्र बसले की काय करतात
ते मला कळलं.
झाकण पंख्यावर आपटून फ्रिजमागं गेलं.
बरणी उभीच होती, अर्धी रिकामी,
उरलेलं सगळं छतावर, भिंतीवर, माझ्या पासबुकावर.

चिंधी शोधत होतो, तर आतून आवाज आला,
"थांबा, मी येतो."
आमच्या कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात,
येतो, जातो, बघतो.
पण हा "येतो" मी दोन महिन्यांत ऐकला नव्हता.

भिंत धरत धरत आली.
कॅलेंडरावरनं एक तांबूस ओघळ
संकष्टीवरनं खाली अमावस्येकडं निघाला होता,
त्याला बोट लावलं. चाटलं.
मी चिंधी धरून उभा.

"सुंठ कमी हाय."

मग पुन्हा बोट, जरा वरच्या अंगाला.
"आन् पिंपळी भाजली न्हाई तुम्ही."
मग माझ्याकडं, मग पंख्याकडं बघून,
"ह्याला झाकण लावत्यात व्हय? फडकं बांधत्यात.
त्याला श्वास नको?"

चौतीस वर्षांत मला कुणी
सैल ठेव म्हणून सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या बरणीला मलमल बांधली, सुतळीचे दोन वेढे.
सुंठेच्या वेळी तिची मूठ मागून घेतली.
माझ्या दोन म्हणजे तिच्या तीन,
आता तर साडेतीन, हात वाळलाय.
रोज सकाळी फुलपात्रात दोन बोटं ओततो,
आणि रोज काही ना काही चुकलेलं असतं.
परवा डाळिंब तुरट होतं. काल मीच हात हलवून घातलं नव्हतं.

रविवारी तांबड्याला म्हणाली, "मीठ पडलंय, पण उशिरा."

पांढऱ्याबद्दल अजून काही बोललेली नाही.